वजनाचा रकाना

"सिंहाचं पिल्लू मांडीवर घेऊन बसल्यावर कसं वाटतं गं?" हा प्रश्न मला लग्नात विचारून झालाय, एसटीत विचारून झालाय, एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना. खरं उत्तर म्हणजे झोप येते. पहाटेचे तीन वाजलेले असतात, अंगाला दुधाचा आंबूस वास येत असतो आणि पुढची बाटली साडेपाचला की सहाला हे आठवत नसतं. शिवाय मांडीवर घ्यायचंच नसतं, पण ते पुढे येईल.

पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षातल्या काही मुलामुलींनी विचारलं म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे. महाराष्ट्रातलं कुठलं प्राणिसंग्रहालय ते सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथेच नोकरीला आहेत.

जाहिरात आली जानेवारी २०२३ मध्ये. पशुवैद्यकीय अधिकारी, एक पद, ११ महिन्यांचं कंत्राट, थेट मुलाखत. शिरवळहून पदवी घेतल्यावर दोन वर्षं मी गाई-म्हशींचंच काम केलं होतं. मुलाखतीत सिंहाबद्दल एकच प्रश्न आला, "भीती वाटते का?" मी हो म्हटलं. समोरचे डॉक्टर नंतर म्हणाले, "नाही म्हणाली असतीस तर पुढच्या उमेदवाराला बोलावलं असतं."

निवड झाल्यावर रुजू व्हायला दोन महिने गेले. पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी हातात होती, पण पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याला १९ दिवस लागले आणि शंभराच्या स्टॅम्पवरचं हमीपत्र मजकुरात एक शब्द चुकला म्हणून दोनदा करावं लागलं. रेबीजची आगाऊ लस मात्र यादीत कुठेच नव्हती, ती मी आपणहून घेतली. पहिल्या दिवशी, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी, असे तीन डोस, प्रत्येकी ३८० रुपये. ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांनी ती कॉलेजात असतानाच घेऊन टाकावी. रुजू झाल्यावर तीन आठवडे कोणी थांबत नाही.

३ एप्रिल २०२३, सोमवार. पहिल्याच दिवशी मला हेड किपरच्या हवाली करण्यात आलं. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागले. सव्वीस वर्षं सिंहांपाशी काढलेला माणूस. त्यांनी पहिले तीन आठवडे मला औषधाला हात लावू दिला नाही. फक्त दारं. रात्रीच्या खोल्यांच्या मधली सरकती दारं बाहेरच्या गॅलरीतून साखळीने ओढायची असतात. सिंह आत आले की मोजायचे, मोठ्याने आकडा म्हणायचा, दुसऱ्या माणसाने स्वतः बघून तोच आकडा पुन्हा म्हणायचा, मग कुलूप, मग दुसरं कुलूप आणि त्यानंतरच झाडू घेऊन मोकळ्या आवारात पाऊल. "आधी डोकी, मग कडी," मामा म्हणायचे. एकदा मी आकडा मनातल्या मनात मोजला, तर त्यांनी सगळी दारं पुन्हा पहिल्यापासून करायला लावली. उन्हात. मला राग आला होता. आता नव्या मुलांना मीही तेच करायला लावते.

मांस सकाळी साडेआठला ठेकेदाराच्या गाडीतून येतं. म्हशीचं, कारण आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. वास, रंग, तापमान, सोबतचा दाखला बघून सही मी करायची. नराला आठ-नऊ किलो, माद्यांना सहा-सात, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. संग्रहालय बंद असतं तोच दिवस. लोकांना वाटतं, सिंहाला मांस टाकलं की झालं. नुसतं लुसलुशीत मांस खाऊ घातलेला सिंह आजारी पडतो. हाडं नसतील तर कॅल्शियम मिळत नाही, वाढत्या पिल्लांची हाडं वाकतात, मोडतात. काळीज मिळालं नाही तर 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं, कवटीचं हाड जाड होऊन मेंदूवर दाब येतो, आणि सिंह मान मागे टाकून आभाळाकडे बघत राहतो. इंग्रजीत त्याला 'तारे बघणं' म्हणतात. नाव गोड आहे, बघवत नाही. म्हणून आमच्याकडे ठरावीक दिवशी ठरावीक वजनाचं काळीज, आणि एक दिवस हाडांसकट कोंबडी. काळीज जास्त झालं तरी त्रासच. सगळं काट्यावर.

आमची जोडी गुजरातेतून आलेली, आशियाई. पोटाखाली कातडीची लांबच लांब घडी असते ती यांची खूण. जुलैत, २२ ते २५ तारखेला, दोघांचं जमलं. सिंहांमध्ये हे तीन-चार दिवस चालतं आणि दर वीसेक मिनिटांनी पुन्हा सुरू होतं. किपर लाजत लाजत नोंदवहीत काड्या मारत होते. ११० दिवस मोजले तर तारीख येत होती ९ ते १२ नोव्हेंबर. मामांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि कपाळाला हात लावला. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन.

आम्ही जमेल ते केलं. बाळंतिणीची खोली आतल्या बाजूला हलवली, जाळीवर गोणपाटाचे दुहेरी पडदे लावले, भाताचा पेंढा टाकला, कॅमेरा बसवला, त्या गॅलरीत मामा सोडून कोणी जायचं नाही असं ठरवलं. आजूबाजूच्या सोसायट्यांना फटाक्यांबद्दल विनंतीची पत्रं दिली. पत्रांची पोच आहे माझ्याकडे. फटाके जितके वाजायचे तितके वाजले.

१२ तारखेला पहाटे २ वाजून १० मिनिटांनी पहिलं पिल्लू, पाऊण तासाने दुसरं. पहिलटकरीण. पहिलं चार वाजेपर्यंत हलायचं थांबलं. दुसऱ्याला तिने थोडं चाटलं, तोंडात धरून खोलीभर फिरवलं, कोपऱ्यात ठेवलं, उचललं, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलं. मग त्याच्याकडे पाठ करून झोपली. मी नि मामा पडद्यासमोर बसून होतो. उचलावं की थांबावं? हाताने वाढवणं हा शेवटचा उपाय असतो. घाईने उचललेलं पिल्लू आईकडून कायमचं तुटतं आणि उशिरा उचललेलं बहुधा जगत नाही. यातली मधली वेळ कोणत्याच पुस्तकात छापलेली नाही. दुपारी तीनपर्यंत एकदाही पाजलं नव्हतं. पिल्लाचं ओरडणं बारीक होत गेलं. संध्याकाळी फटाके सुरू होणार. चार वाजता वरिष्ठांना फोन, तोंडी परवानगी, शेजारच्या खोलीत मांसाचा तुकडा, दार सरकवलं. सिंहीण उठून पलीकडे गेली. मागे वळून बघितलं नाही.

मादी. १,१४० ग्रॅम. अंगाचं तापमान ३३.८ अंश सेल्सिअस, असायला हवं ३८च्या आसपास.

इथे एक गोष्ट ठळक लिहिते, कारण माझ्याकडून ती जवळजवळ चुकणार होती: गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही. आतडं काम करत नसतं, दूध तिथेच कुजतं. आधी ऊब. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून, हळूहळू, अडीच तास. मग ग्लुकोजचं कोमट पाणी, मग दूध. आईचं पहिलं चिकाचं दूध मिळालं नव्हतं, म्हणून सिंहिणीच्या मागच्या तपासणीत काढून गोठवलेलं सीरम, म्हणजे रोगाशी लढणारे घटक असलेला रक्ताचा पातळ भाग, टोचलं. ते ठेवायची बुद्धी माझी नव्हे, माझ्या आधीच्या डॉक्टरांची.

एकीकडे हे, आणि त्याच संध्याकाळी मेलेल्या पिल्लाचं शवविच्छेदन. सिंह वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, त्यामुळे नऊशे-हजार ग्रॅमचं पिल्लू असलं तरी वनाधिकाऱ्यासमोर पंचनामा, अहवाल, सह्या, दहन, फोटो, आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाला कळवणं. पंचनाम्याच्या कागदावर बाहेरच्या फटाक्यांचा धूर बसत होता. रात्री साडेदहाला मामांनी डब्यातला अनारसा पुढे केला. मी रडले तेव्हाच, तोपर्यंत वेळ नव्हता.

दूध पहिल्या रात्री बकरीचं, जवळच्या वस्तीवरून आणलेलं. गाईचं चालत नाही. सिंहिणीच्या दुधात स्निग्धांश नि प्रथिनं बरीच जास्त आणि साखर कमी असते, गाईच्या दुधाने हगवण लागते. दुसऱ्या दिवसापासून मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी परदेशी दुधाची पावडर, त्यात टॉरिन हे मांजरकुळाला अन्नातून लागणारं पोषकद्रव्य. ती आणायची तर नियमाने तीन दरपत्रकं हवीत. दरपत्रकं यायला आठ दिवस, पिल्लाला हवी दोन तासांत. मी माझ्या पैशाने सहा डबे आणले, एकूण ११,३४० रुपये. बिल परत आलं, शेरा: 'खरेदी मंजुरीपूर्व'. मग कार्योत्तर मंजुरीचा प्रस्ताव, मग त्यावर त्रुटी, मग त्रुटीची पूर्तता. ऑगस्ट २०२४ मध्ये ७,५६० रुपये हातात पडले. अशी वेळ आलीच तर दुकानदाराकडून जीएसटीचं पक्कं बिल संस्थेच्या नावाने घ्या, स्वतःच्या नावाने नको. माझे दोन डबे त्यातच गेले.

पहिले दोन आठवडे दर अडीच-तीन तासांनी. पिल्लू पोटावर, पुढचे पंजे गुंडाळलेल्या टॉवेलवर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. समाजमाध्यमांवरचे गोड व्हिडिओ बघून माझा आता जीव वर-खाली होतो तो यासाठी. बाटली उलटी धरली की थेंब पडला पाहिजे, धार नाही. पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालची बाजू पुसायची, आईच्या जिभेसारखी. तसं केल्याशिवाय त्याला शी-शू होतच नाही. आणि पहाटे पाचला, पहिल्या दुधाच्या आधी, वजन. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, वर प्लास्टिकचं टोपलं. तारीख, वेळ, वजन, ताप, किती पाजलं, किती प्यायली, शी कशी. वजनाच्या रकान्याला मामांनी लाल पेनाने चौकट केली.

तिचं नाव मामांनीच ठेवलं, पणती. दिवाळीतली म्हणून, आणि त्यांच्या वयाला शोभतं म्हणूनही. सरकारी कागदावर नाव नसतं.

नवव्या दिवशी डोळे उघडले. निळसर, धुरकट. मी घरी फोन करून आईला सांगितलं. आई म्हणाली, "जेवलीस का?"

बाराव्या रात्री माझी चूक झाली. वजन १,६९० ग्रॅम, एका वेळचं माप ६० मिली. रात्री दोनला बाटली संपली तरी ती ओरडत राहिली. काय केविलवाणं ओरडायची! मला वाटलं, भूक आहे, एवढं कसलं मोजमाप. आणखी ५० मिली दिलं. ती शांत झोपली आणि मीही अभिमानाने झोपले. सकाळी पिवळी पातळ शी, दुपारी पुन्हा, संध्याकाळी पाणीच. एवढ्याशा पोटात वजनाच्या पाच टक्क्यांच्या वर एका वेळी घालायचं नाही हे मी स्वतःच भिंतीवर लिहून चिकटवलं होतं. दोन दिवसांत १२० ग्रॅम उतरले. दूध पातळ केलं, मीठ-साखरेचं पाणी, कातडीखाली सलाईन. त्या दोन दिवसांत मामा एक शब्द बोलले नाहीत. फक्त दर वेळी आत येताना विचारायचे, "काटा काय म्हणतोय मॅडम?" तिसऱ्या दिवशी काटा २० ग्रॅम वर म्हणाला. नोंदवहीत मी ५० मिली जादा पाजल्याचं खरं लिहिलं होतं. न लिहिण्याचा मोह झाला होता, हेही इथे लिहून ठेवते.

पुढे गाडी रुळावर आली. दिवसाला सरासरी शंभरेक ग्रॅम. तिसऱ्या आठवड्यात दात, पाचव्यात दुधात कालवलेला कोंबडीचा खिमा. ८ जानेवारी २०२४ ला ५.९ किलो, पहिली लस आणि खांद्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखीची चिप. लस मृत विषाणूचीच, कारण पाळीव मांजराची जिवंत लस यांना उलटू शकते. मला खरी धास्ती होती ती कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाची. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात वीसहून जास्त सिंह काही आठवड्यांत गेले, त्यात हाच विषाणू सापडला होता. माझ्या घरमालकांकडे कुत्रा आहे, लाडका, रोज अंगावर उडी मारणारा. मी चार महिने त्याला लांबूनच हात केला. कामावर आल्यावर आंघोळ, वेगळे कपडे, वेगळी चप्पल, दाराशी जंतुनाशकाचं घमेलं, तोंडाला मास्क. २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात आठ सिंहांना कोविड झाला होता, त्यामुळे मास्कवर कोणी हसलं नाही.

हसले ते फोटोवाले. पिल्लू आहे ही बातमी फुटली आणि फोन सुरू झाले. एका पदाधिकाऱ्यांच्या नातवाचा वाढदिवस होता, "पाच मिनिटं हातात देऊ द्या." मी नाही म्हटलं. मग मला ज्यांचं ऐकावं लागतं अशांचा फोन आला. मामांनी युक्ती सांगितली, "नाही म्हणू नका, अर्ज मागा." मी अर्ज मागितला, सोबत रेबीज लसीकरणाचं प्रमाणपत्र आणि जबाबदारीचं हमीपत्र, स्टॅम्पवर. कोणी परत आलं नाही.

मांडीवर का घ्यायचं नाही, तर हे पिल्लू वर्षाच्या आत साठ किलोचं होतं आणि माणसाची मांडी ही आपली जागा हे त्याच्या डोक्यात तसंच राहतं. तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही पाजण्यापुरताच हात लावत होतो. बोलणं बंद. पाजायला दोनच माणसं, तीही आलटून पालटून. आईच्या आणि म्हाताऱ्या सिंहिणीच्या खोलीतला पेंढा तिच्या खोलीत, तिचा त्यांच्याकडे. पहाटे नर गर्जायला लागला की ती बाटली सोडून कान टवकारायची. मी बाटली हलवायची, ती ढुंकून बघायची नाही. मला ते आवडायचं आणि लागायचंही.

२ मार्चला माझं कंत्राट संपलं. नवीन कंत्राटाआधी एक दिवस खंड द्यावा लागतो, म्हणजे ३ मार्चला, रविवारी, मी कोणीच नव्हते. सकाळी उठून गेले तर गेटवर सुरक्षारक्षक ओशाळून म्हणाला, "मॅडम, आज तुमचं नाव नाही." मी रांगेत उभी राहून चाळीस रुपयांचं तिकीट काढलं आणि शाळेच्या सहलीबरोबर सिंहाच्या आवारासमोर जाऊन उभी राहिले. पणती अर्थात आतल्या खोलीत होती, तिथे प्रेक्षकांना मज्जाव. अकराला मामा बाहेर आले, माझ्याकडे न बघता कठड्यापलीकडून म्हणाले, "बारा किलो चारशे," आणि पुढे गेले. त्या दिवसाच्या नोंदीखाली सही नाही. लेखापरीक्षणात त्यावरही प्रश्न आला.

३१ मार्चला वार्षिक यादी भरायची असते. नर, मादी, लिंग न कळलेले, मधे टिंबं. जन्म १.१.०, मृत्यू १.०.०. दिवाळीची अख्खी रात्र त्या दोन रकान्यांत बसली.

आईशी जुळवायचा प्रयत्न जाळीतून केला होता, जानेवारी-फेब्रुवारीत. ती फिस्कारायची, जाळीवर पंजा मारायची. सहा आठवड्यांनी सोडून दिलं. मग म्हातारी, जिला सगळे आजी म्हणतात. वयामुळे तिची पिल्लं व्हायची थांबलेली. १८ मार्चला पणतीला तिच्या शेजारच्या खोलीत हलवलं, मधे जाळी. पहिले दहा दिवस आजीने दखलच घेतली नाही. मग एका सकाळी दोघी जाळीला पाठ लावून झोपलेल्या दिसल्या, ही अलीकडून, ती पलीकडून. मामांनी तरी दोन महिने काढले. मी घाई केली की म्हणायचे, "जाळी कुठं पळून जातीय?"

२२ मे, सुट्टीचा बुधवार. उपास मोडून दोघींची पोटं भरलेली, पाण्याचे दोन पाईप तयार, दाराच्या साखळीवर मामा, बेशुद्धीचं औषध भरून मी. आदल्या दिवशीचं वजन २७ किलो. दार उघडलं. पणती थेट चालत आजीच्या तोंडासमोर गेली, माणसांकडे जायची तशी. आजीने एक चपराक दिली. ती दोन कोलांट्या खाऊन उताणी पडली आणि तशीच पडून राहिली, पोट वर. पाईप धरलेला मुलगा माझ्याकडे बघत होता. मामांनी हात वर केला, थांबा. आजी आली, पोटाचा वास घेतला आणि बाजूला जाऊन बसली. नऊ मिनिटं. दार बंद. दुसऱ्या दिवशी पंधरा. पावसाळा लागला तेव्हा दोघी दिवसभर एकत्र असायच्या.

काटा तोपर्यंत दोनदा बदलला होता. किराण्याचा गेला, मग दवाखान्यातला, आता धान्याच्या गोदामातला लोखंडी, खोलीच्या वाटेत जमिनीत बसवलेला. काठीच्या टोकाला मांसाचा तुकडा दाखवला, शिट्टी वाजवली की ती त्यावर चढून उभी राहायची. दर सोमवारी. सप्टेंबर, ऑक्टोबर एकही सोमवार चुकला नाही.

२०२५च्या गणनेत गीर आणि आसपास ८९१ सिंह मोजले गेले. पणती त्यांत नाही, संग्रहालयातले त्यात धरत नाहीत. तिची नोंद आमच्या वहीत आहे. २ डिसेंबर २०२४ च्या सोमवारी मी रजेवरून परतले आणि सवयीने आधी वही उघडली. मामांचं अक्षर. खाणं: नेहमीप्रमाणे. शी: घट्ट. वजनाच्या लाल चौकटीत लिहिलं होतं, 'घेतलं नाही. शिट्टी तीनदा वाजवली. आजीजवळून उठली नाही.'

मी खाली सही केली.